टँगो: प्रेमभंगाची गाणी की खोलीचा पंचनामा?

जुनाटेप

टँगो म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे काय येतं? दातांत गुलाब धरलेली बाई आणि तिला कमरेतून वाकवणारा तेल चोपडलेल्या केसांचा बाप्या. त्या नाचातलं मला ओ की ठो कळत नाही, त्यामुळे हा धागा फक्त शब्दांबद्दल.

पोटापाण्यासाठी मी स्पॅनिश कागदपत्रांचे तर्जुमे करतो. करारनामे, बिलं, मालाच्या याद्या. त्याचाच परिणाम असेल, पण जुने टँगो ऐकताना एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच: ही माणसं रडताना सामान मोजतात.

सुरुवातीचंच गाणं घ्या. १९१७ साली अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये गायक कार्लोस गार्देलनं ‘मी नोचे त्रिस्ते’, म्हणजे ‘माझी उदास रात्र’, रेकॉर्ड केलं. चाल सामुएल कास्त्रिओताची, आधी नुसती वाजवायची होती. पास्क्वाल कोंतुर्सीनं तिच्यावर नंतर शब्द बसवले. मनातलं दुखणं गोष्टीसारखं सांगणारा टँगो इथून सुरू झाला असं मानतात. त्याआधीचे शब्द बहुतेक फुशारकीचे, नाहीतर चावट.

तर ती याला टाकून गेलीय. आणि हा काय करतो? खोलीभर नजर फिरवतो. एकाच रंगाच्या फिती बांधून सजवलेल्या छोट्या बाटल्या आता नाहीत. कपाटात टांगलेली गिटार, तिला कोणी हात लावत नाही. आरसा धुरकटलाय, जणू रडून बसलाय. दिवासुद्धा उजेड द्यायला तयार नाही. रात्री हा दार लावून घेत नाही, न जाणो परत आली तर. आणि माते (त्यांचा तो कडू पाल्याचा चहा) पिताना सोबत लागतात म्हणून बिस्किटं घेऊन येतो, ती असताना आणायचा तशीच.

अहो, हा पंचनामा आहे. बाटल्या वगळता माल जागेवर, इसम फरार.

मग १९२३ सालचं ‘मानो आ मानो’. शब्द सेलेदोनिओ फ्लोरेसचे. नावाचा अर्थच ‘फिट्टंफाट’. ती आता पैसेवाल्याबरोबर आहे. हा म्हणतो, तुझे जे काही उपकार होते ते मी फेडलेत असं मला वाटतं. एखादं किरकोळ देणं चुकून राहिलं असेल, तर सध्या जो बकरा तू धरलायस त्याच्या खात्यावर मांड! मांजर उंदराशी खेळतं तशी ती त्या बकऱ्याच्या पैशाशी खेळते, हेही त्यातच. आणि शेवटी, उद्या तू मोडक्या जुन्या फर्निचरासारखी झालीस, मदत लागली, तर या मित्राची आठवण ठेव. माणसाचं म्हातारपणसुद्धा फर्निचरात मोजलं.

माझं सगळ्यात आवडतं मात्र एनरिके सांतोस दिसेपोलोचं ‘चोर्रा’ (१९२८), म्हणजे ‘चोरटी’. नायक कोण, तर खाटीक! बाईनं सहा महिन्यांत काय काय खाल्लं त्याची यादी तो गातो: दुकान, बाजारातला गाळा, मांस टांगायच्या आकड्यांची दांडी, गल्ला ठेवायचा ओटा. तिची आई म्हणे रणात पडलेल्या वीराची विधवा. पुढे कळतं की तो वीर मेलाही नाही आणि वीरही नव्हता, तुरुंगात आहे. आता आमच्या खाटकाला बायकांची एवढी धास्ती बसलीय की रस्त्यात एखादीनं डोळा घातला तर तो जाऊन पोलिसाच्या शेजारी उभा राहतो. विनोदी गाणं आहे, पण ती आकड्यांची दांडी डोक्यातून जात नाही. धंदाच गेला की हो त्याचा.

माझं म्हणणं एवढंच की ‘तिनं दगा दिला’ असं गाणारा सांगतो, पण त्याची यादी वेगळं सांगते. १९१४ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्समधली जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. इटलीहून, स्पेनहून बोटीनं आलेली, त्यात पुरुष भरमसाट जास्त. राहायला ‘कोन्वेंतिज्यो’, म्हणजे मधल्या चौकाभोवती खोल्या आणि एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. १९०७ मध्ये भाडेवाढीविरुद्ध या खोल्यांतल्या लोकांनी भाडंच द्यायचं बंद केलं होतं, बाया झाडू घेऊन मोर्च्यात उतरल्या होत्या. अशा खोलीतून एखादी पोरगी कॅबरेकडे गेली तर ती नक्की कोणाला सोडून गेली? त्याला की खोलीला? ‘मानो आ मानो’मध्येच एक ओळ आहे, बोर्डिंग हाउसात राहून तू गरिबीला हुलकावण्या देत होतीस. तिथला शब्द फुटबॉलमधला आहे, चेंडू घेऊन बचाववाल्याला चकवण्याचा. एवढं सगळं त्याला माहीत आहे. तरी रडतो.

तुम्हाला काय वाटतं?

---

पावशेर

पहिला नंबर! बाकी वाचून सांगतो. ‘माल जागेवर, इसम फरार’ला साष्टांग.

---

बोरूबहाद्दर

लेख छान, पण ओढूनताणून अर्थ लावताय असं वाटतं. माणूस दुःखात असला की समोरच्या वस्तूच दिसतात. आमचे आजोबा गेल्यावर आजी महिनाभर त्यांच्या चष्म्याच्या घराबद्दल बोलत होती. त्यात कसलं अर्थशास्त्र? गाणं प्रेमभंगाचं असेल तर असू द्या की प्रेमभंगाचं.

---

जुनाटेप

काका, चष्म्याच्या घराचं पटलं. पण आजीनं ‘उरलेलं देणं दुसऱ्याच्या खात्यावर मांडा’ असं नसेल ना म्हटलं?

---

कडीपत्ता

धागाकर्त्यांचा मुद्दा अर्धा पटला. उरलेल्या अर्ध्यावर भांडायला आलेय.

तुम्ही खोलीतल्या बाटल्या मोजल्यात, चांगलं केलंत. पण या सगळ्या गाण्यांत बोलतो कोण? तोच. दगा दिला हे तोच ठरवतो, पंचनामाही तोच लिहितो. पंच कुठायत? तिची जबानी कुठाय?

आणि सगळे काही बिस्किटं आणून दार उघडं ठेवणारे नसतात. ‘आ ला लूस देल कांदील’ (‘कंदिलाच्या उजेडात’) ऐकलंय का? गार्देलनंच १९२७ ला गायलंय. एक गडी पोलीस ठाण्यात येतो, सार्जंटला म्हणतो मला बेड्या घाला. बायको आणि मित्र, दोघांना मारून आलोय. पुरावा पिशवीत आहे: तिच्या वेण्या आणि त्याचं काळीज. ही पण सामानाचीच यादी झाली ना? आणि गाण्याचा सूर असा की ऐकणाऱ्यानं त्याचीच कणव करावी. मी पहिल्यांदा अर्थ कळल्यावर हेडफोन काढून ठेवले होते.

‘तोमो इ ओब्लिगो’मध्ये तर सरळ सांगितलंय की सगळ्या बायका अशाच, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं, आणि मर्दानं रडायचं नसतं. हे तो दारू पिऊन, रडत रडतच सांगतो, ते वेगळं. हे गाणं गार्देलनं १९३१ च्या सिनेमात गायलं. १९३५ च्या जूनमध्ये मेदेयीनला विमान अपघातात तो गेला, त्याच्या आदल्या दिवशी बोगोतात लोकांसमोर शेवटचं म्हणून हेच गायला असं सांगतात.

कॅबरेत गेलेल्या पोरींचं खरं काय होत होतं, तेही बघा. ‘मादाम इव्होन’ (१९३३, शब्द एनरिके कादिकामोचे): पॅरिसमधली पोरगी, एक अर्जेंटिनावाला तिला नादी लावून समुद्रापार आणतो. दहा वर्षांनी ती ब्युनोस आयर्समध्ये एकटी शँपेन पितेय. इथे दगाबाज कोण? आणि हे कवीच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. युरोपातून मुली आणून धंद्याला लावणारी ‘स्वी मिग्दाल’ नावाची टोळीच तिथं होती, कागदोपत्री परस्पर सहाय्यक मंडळ! राकेल लिबेरमान नावाच्या बाईनं तक्रार नोंदवायची हिंमत केली म्हणून १९३० मध्ये ती उघड्यावर आली. राकेल स्वतः पोलंडहून आलेली, त्याच धंद्यात अडकलेली. स्वतः सुटली, पुन्हा फसवली गेली, मग पोलिसात गेली.

तिच्यावर गाणं? माझ्या तरी ऐकण्यात नाही. खाटकाच्या दुकानावर आहे.

---

पावशेर

कडीपत्ताताई फोडणीत पडल्या. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

जुनाटेप

ताई, बिनतोड. पंच नाहीत हे कबूल. ‘कंदील’ मी मुद्दाम टाळलं होतं, ते चुकलंच.

फक्त एक भर. दिसेपोलोचंच ‘एस्ता नोचे मे एम्बोराचो’ (‘आज रात्री मी ढोसणार’, हेही १९२८). पहाटे कॅबरेतून बाहेर पडणारी, पार उतरलेली एक बाई त्याला दिसते. दहा वर्षांपूर्वी तिच्यापायी हा वेडा झाला होता. सुरुवातीला तिच्या मानेची, कपड्यांची निर्दय टिंगल करतो. मग हळूच कबुली येते: तिच्या नादात मी आईच्या तोंडचा घास काढला, सगळ्यांकडे हात पसरले, एक मित्र उरला नाही. म्हणजे दगा यानंच दिलाय, आईला आणि मित्रांना. तो सरळ तसं म्हणत नाही, म्हणतो आज ढोसणार. माझ्या मते पुरुषाची जबानी स्वतःवरच उलटते असं हे पहिलं मोठं गाणं.

---

दक्षिणगोलार्ध

ब्युनोस आयर्समध्ये कामानिमित्त तीन वर्षं काढलीत म्हणून थोडं भाषेबद्दल.

या गाण्यांतली स्पॅनिश शाळेत शिकवतात ती नव्हे. तिला ‘लुनफार्दो’ म्हणतात. बंदर, तुरुंग, खोल्या, इटालियन बोली, सगळ्याची मिसळ. ‘मिना’ म्हणजे बाई, ‘ओतारियो’ म्हणजे बकरा, ‘आफानार’ म्हणजे ढापणं. वर उलटं बोलायची खोड: टँगोचं ‘गोतान’, कॅफेचं ‘फेका’. आपण शाळेत ‘च’ची भाषा बोलायचो त्यातलाच प्रकार, फरक इतकाच की तिथं आजोबाही बोलतात. माझा घरमालक पंच्याहत्तरीचा होता, भाडं घ्यायला आला की निम्मं मला कळायचं नाही. भाड्याचा आकडा मात्र नेमका कळायचा.

१९४३ च्या लष्करी उठावानंतर सरकारनं रेडिओवर ही भाषा बंद केली. दारू, जुगार, रस्त्यावरची बोली, सगळ्यावर कात्री. कादिकामोच्या ‘लोस मारेआदोस’ (‘झिंगलेले दोघे’) या गाण्याचं नाव बदलून ‘माझ्या भूतकाळात’ असं सोज्वळ करावं लागलं. १९४९ मध्ये गीतकार-संगीतकारांचं शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष पेरोनला भेटलं. किस्सा असा सांगतात की पेरोननं आल्या आल्या आल्बेर्तो वाकारेसा या बुजुर्ग लेखकाला त्याच बोलीत विचारलं, काय हो, तुम्हाला म्हणे बसमध्ये कोणी ढापलं? झालं, बंदी सैल झाली. किस्सा पॉलिश केलेला असणार, पण तिथं सगळे हसत हसत सांगतात.

अवांतर: कडीपत्ता यांनी तिच्या जबानीचं विचारलंय. मारिया लुइसा कार्नेल्ली शोधा. पत्रकार, कवयित्री. टँगो लिहायची ते ‘लुइस मारियो’ आणि ‘मारियो कास्त्रो’ अशा पुरुषी नावांनी. ‘से वा ला व्हिदा’ (१९२९) तिचं. त्यात मुलीला सल्ला आहे: आयुष्य चाललंय, परत येत नाही, कुणी पैसेवाला बस्तान बसवून देतो म्हणाला तर सरळ जा, म्हातारपणी पस्तावू नकोस. आता ‘मानो आ मानो’नंतर लगेच हे ऐकून बघा.

---

कडीपत्ता

@दक्षिणगोलार्ध, ऐकलं. दोनदा ऐकलं. बाईनं पुरुषाच्या नावानं लिहायचं की ‘जा बाई, खोली सोड’. आणि गायलीय असुसेना माइसानी, जी स्टेजवर बऱ्याचदा पुरुषी कपड्यांत उभी राहायची. या एका गाण्यासाठी धाग्याचे आभार.

---

बोरूबहाद्दर

बरं, मी थोडा मागे सरकतो. पण मग एक विचारतो. तिथं तीसच्या दशकात मंदी आली, सत्ता उलथली. त्याचा या रडगाण्यांवर काही परिणाम? की बाईच रडवत राहिली?

---

जुनाटेप

काका, याच प्रश्नाची वाट बघत होतो. चहा घेऊन बसा.

६ सप्टेंबर १९३० ला जनरल उरिबुरूनं निवडून आलेलं इरिगोजेनचं सरकार घालवलं. पुढची तेरा वर्षं निवडणुकांत घोटाळे, बेकारी, भ्रष्टाचार. तिथं त्या काळाला ‘बदनाम दशक’ म्हणतात. आणि गाण्यातली दगाबाज बदलली. बाई बाजूला झाली, तिच्या जागी दुनिया आली.

याची चाहूल उठावाआधीच लागली होती असं मला वाटतं, कारण दिसेपोलोचं ‘यिरा यिरा’ १९३० चंच. (तिथल्या उच्चारात ‘शिरा शिरा’च्या जवळ जातं.) अर्थ, भटक, भटक. रस्त्यावर गिऱ्हाईक शोधत फिरणाऱ्या बाईलाही त्या बोलीत ‘यिरा’ म्हणतात, म्हणजे दुनियेलाच त्यानं ती उपमा दिली. आणि तपशील कसला! तू जी जी बेल दाबतोस त्या सगळ्या घंट्यांचे सेल संपलेले असतील. मरायला टेकायचं म्हणून एखादी भावाची छाती शोधशील, मिळणार नाही. तुला जाणवेल की तू अजून जिवंत आहेस आणि शेजारी लोक तू मागं ठेवणार ते कपडे अंगाला लावून बघतायत. त्या क्षणी या बकऱ्याची आठवण येईल तुला.

कपडे लावून बघतायत! पुन्हा सामान, पण आता यादी करणारे दुसरे आणि सामान आपलं.

१९३३ चं ‘आल मुंदो ले फाल्ता उन तोर्निज्यो’, म्हणजे दुनियेचा एक स्क्रू ढिला झालाय. कादिकामोच. हे हसवतं. जेवणातला रस्सा इतका ‘वर’ गेलाय की गाठायला उडी मारायची फळी लागते. दहा पैशांचं मांस विकत घेणारा त्याच्या भोवतीची सुतळीसुद्धा खातो. १९३२ चं ‘पान’ म्हणजे पाव, शब्द फ्लोरेसचे: कोठडीतला बाप, पावासाठी चोरी केलेला. त्याची पोरं खाऊ मागत नाहीत, खेळणी मागत नाहीत, थंडीनं मरतायत आणि पाव मागतायत. खरं सांगायचं तर गाणं म्हणून मला ते फार भावुक वाटतं. त्यापेक्षा ‘आक्वाफोर्ते’ची एकच ओळ जास्त लागते: कॅबरेत लुलूला शँपेन पाजून पैसे उडवणाऱ्या चावट म्हाताऱ्यानं आजच एका कामगाराला पगारवाढ नाकारलीय, त्यानं फक्त पावाचा अजून एक तुकडा मागितला होता. तेच कॅबरे, तीच शँपेन. आधीच्या गाण्यांत ती पिणारी पोरगी दगाबाज होती. इथं पहिल्यांदा प्रश्न येतो की बिल भरणाऱ्याचे पैसे कुठून आले.

आणि ‘आल पिये दे ला सांता क्रूस’ (१९३३, शब्द मारियो बात्तिस्तेल्ला). संप झालाय, घरात उपासमार, काम फार आणि मजुरी कमी. त्या धुमश्चक्रीत एकाला शिक्षा होते. त्याच्या म्हाताऱ्या आईबापांना माहीतच नाही, कारण सून दयेपोटी खोटं बोललीय. कडीपत्ताताई, हे तुमच्यासाठी: बाई खोटं बोलते आणि कवी तिला दगाबाज म्हणत नाही. मग बंदर. पायांत बेड्या, तो फळीवरून बोटीत चढतो. बायको कडेवर पोर घेऊन उभी, पोर म्हणतं मला बाबा पाहिजे. दोर सोडतात, आणि शेवटचा दोर सुटताना तिच्या सगळ्या अंगातून थरथरत जातो. मी इथं कधीच कोरडा राहिलेलो नाही.

आता ‘काम्बालाचे’. १९३४. जगात सर्वांत जास्त उद्धृत होणारा टँगो असेल. काम्बालाचे म्हणजे जुन्या सामानाचं दुकान, आपल्या चोरबाजारातलं असतं तसं. माझ्या पंचनाम्याची ही शेवटची यादी, अख्ख्या विसाव्या शतकाची. त्यात एकाच फळीवर कोण कोण ठेवलंय? स्टाविस्की, फ्रान्सचा महाठग, जो त्याच वर्षी जानेवारीत मेला. डॉन बोस्को, ज्यांना त्याच वर्षी एप्रिलमध्ये चर्चनं संत जाहीर केलं. कार्नेरा, त्याच जूनमध्ये हरलेला मुष्टियोद्धा. रोसारियो शहरातला माफिया डॉन चिचो. मधेच नेपोलियन आणि त्यांचा मुक्तिदाता सान मार्तिन. लोक याला शाश्वत तत्त्वज्ञान म्हणून ऐकतात, मला ते त्या वर्षीचं वर्तमानपत्र वाटतं, पानं फाडून एकत्र कोंबलेलं. न्हाणीघरातल्या बंबाशेजारी बायबल रडतंय, अशी एक ओळ आहे. त्याचा तिथं सांगितला जाणारा खुलासा असा की फुकट वाटलेल्या बायबलचे पातळ कागद संडासात आकड्याला अडकवून ठेवायचे. त्या आकड्याला कवी बिनखिळ्याची तलवार म्हणतो.

रडेल त्याला दूध आणि जो ढापत नाही तो गाढव, हेही त्यातच.

---

पावशेर

शिरा शिरा! साजूक तुपातला की प्रसादाचा? … बरं, गंभीर होतो. सुतळी खाण्याची ओळ वाचून हसलो आणि मग तितकंसं हसू आलं नाही.

---

बोरूबहाद्दर

मान्य. चष्म्याचं घर मागे घेतो. दिसेपोलोचं पुढं काय झालं?

---

दक्षिणगोलार्ध

हे मी सांगतो, तिथं याच्यावरून अजून वाद होतात.

१९५१ मध्ये निवडणुकीआधी तो पेरोनच्या बाजूनं रेडिओवर बोलायला लागला. समोर ‘मोर्दिस्कितो’ नावाचा एक काल्पनिक विरोधक कल्पायचा आणि त्याला टोमणे मारायचे, ‘मलाच शिकवतोस होय?’ असं. आधी पाव नव्हता तेव्हा तू गप्प होतास, आता चहा मिळत नाही म्हणून ओरडतोस, असा रोख. विरोधकांना तो विकला गेला असं वाटलं. नाटक-संगीतातले जुने मित्र तोंड फिरवायला लागले, रस्त्यात ओळख देईनात. पेरोन जिंकला. दिसेपोलो त्याच वर्षी २३ डिसेंबरला गेला, वय ५०. शेवटी नीट खातही नव्हता म्हणतात. मित्र म्हणायचे यानं दगा दिला, त्याला वाटलं मित्रांनी दिला. घंट्यांचे सेल एकवीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते त्यानं.

---

रेवाक्का

मी पुण्यात दोन वर्षं टँगो शिकतेय, नाचते. आणि हे सगळं वाचून थोडी शरमले, कारण यातलं काहीही माहीत नव्हतं!

पण कारणही सांगते. नाचायच्या महफिलीत, म्हणजे मिलोंगात, गार्देल लावत नाहीत. प्रथा आहे तशी, त्याचं ऐकायचं, त्यावर नाचायचं नाही. नाचायला असतात ती वाद्यवृंदांची रेकॉर्डिंग्ज आणि त्यातल्या जुन्यांत तर गायक मधेच येऊन नुसतं ध्रुपद गाऊन जातो. बाटल्या, आरसा, दुकानाची यादी असते ती कडव्यांत, आणि तीच गाळलेली. आम्ही आपले डोळे मिटून, एकमेकांच्या खांद्यावर. परवा कळलं की ज्या गाण्यावर मी सगळ्यात शांतपणे चालते ते ‘यिरा यिरा’ आहे.

एक विचारायचंय धागाकर्त्यांना. सुरुवात कशापासून करू?

---

जुनाटेप

रेवाक्का, ‘मी नोचे त्रिस्ते’पासूनच. गार्देलनं ते दोनदा केलंय. १९१७ चं भोंग्यात तोंड घालून गायलेलं, माइक यायच्या आधीचं, खरखर फार. १९३० चं विजेच्या माइकवरचं, तेव्हा तो चाळिशीत आला होता. १९३० चं आधी ऐका, शब्द कळतील. मग जुनं.

---

पावशेर

आणि ती बिस्किटं? तो आणतो ती? दोघांपुरती आणतो की एकट्यापुरती?

---

जुनाटेप

तेवढं गाण्यात नाही. ‘नेहमी आणतो’ एवढंच आहे.